मोटारींचा कर्ता विन्चेंझो लांचा

फियाट हें नांव महाराष्ट्रांतील वाचकांस परकें नाहीं. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यांतून निघालेल्या फियाट जातीच्या मोटारी मुंबईच्या रस्त्यांवर दोन पिढ्यांनीं पाहिल्या. आणि त्या जातीची काळी-पिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत कायमची निवृत्त झाली, तेव्हां पुष्कळ मुंबईकरांस घरचें वडील माणूस गेल्यासारखें वाटलें. परंतु ज्या ट्यूरिन शहरांत फियाटचा जन्म झाला, त्याच शहरांत फियाटच्याच पदरीं वाढलेल्या एका तरुणानें दुसरा एक कारखाना काढला होता. त्याच्या गाड्या संख्येनें थोड्या, किंमतीनें चढ्या आणि स्वभावानें विलक्षण. त्या जुन्या गाड्या आज ज्यांच्या घरीं आहेत त्यांची स्थिति मोठी चमत्कारिक असते. गाडीचा सुटा भाग मिळत नाहीं, मिळाला तर बसत नाहीं, बसला तर तो नीट लावणारा कारागीर दूरच्या गांवीं असतो. आणि इतकें सर्व सोसूनही मालक ती गाडी विकण्याचें नांव काढीत नाहीं. या वेडास कारण काय, असा प्रश्न आम्हांस पडला, व त्याचें उत्तर त्या गाड्यांच्या कर्त्याच्या चरित्रांतच आहे असें आम्हांस दिसून आलें. म्हणून तें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

त्याचें नांव विन्चेंझो लांचा. इटालियन भाषेंत लांचा म्हणजे भाला. आमच्या भाषेंतील एका निंद्य शब्दाशीं या नांवाचा उच्चार जुळतो खरा. परंतु तो निव्वळ योगायोग आहे, हें आमच्या विनोदी विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

विन्चेंझोचा जन्म २४ ऑगस्ट १८८१ रोजीं इटलीच्या वायव्येकडील पीडमाँट प्रांतांत, आल्प्स पर्वताच्या कुशींतील फोबेल्लो नांवाच्या खेड्यांत झाला. चार भावंडांत तो सर्वांत धाकटा. त्याचा बाप जुझेप्पे हा दक्षिण अमेरिकेंतील आर्जेंटिना देशांत जाऊन पैसा मिळवून परत आलेला व डबाबंद खाद्यपदार्थांचा धंदा करणारा सधन गृहस्थ होता. मुलानें कायद्याचा अभ्यास करावा अशी बापाची इच्छा होती. पण मुलाचें लक्ष पुस्तकांपेक्षां स्क्रू व पान्यांकडे अधिक. अखेर वकिली नाहीं तर निदान जमाखर्च तरी शिकावा, अशी तडजोड झाली.

ट्यूरिनमध्यें लांचा कुटुंबाचें एक घर होतें. त्या घराच्या चौकांतील जागा जोव्हान्नी बात्तिस्ता चेइरानो नांवाच्या कारागिरास भाड्यानें दिली होती. हा गृहस्थ सायकली बनवी व त्या वेलआईज या इंग्रजी वळणाच्या नांवाखालीं विकी, कारण त्या काळीं इंग्रजी सायकलींचा लौकिक मोठा होता. परदेशी नांवाचा मोह केवळ आमच्याच देशांत आहे असें नव्हे! घरमालकाचा मुलगा रात्रंदिवस या भाडेकऱ्याच्या कारखान्यांत घुटमळूं लागला, आणि १८९८ मध्यें, वयाच्या सतराव्या वर्षीं, तो तेथें हिशेबनीस म्हणून रीतसर नोकरीस लागला. हिशेबाच्या वह्यांची त्यानें काय व्यवस्था ठेवली तें देव जाणे. परंतु यंत्र उघडून त्याचें दुखणें ओळखण्याची कला त्यानें थोडक्याच दिवसांत हस्तगत केली. त्याच कारखान्यांत फेलीचे नाझारो नांवाचा एका कोळसेवाल्याचा मुलगा उमेदवारी करीत होता. या दोन मुलांचीं नांवें पुढें सर्व युरोपांत एकत्र घेतलीं जाणार होतीं.

१८९९ मध्यें चेइरानोच्या कारखान्यांत आरिस्तीदे फाच्चिओली या इंजिनिअरानें एक लहानशी मोटार तयार केली. त्याच वर्षीं ११ जुलै रोजीं ट्यूरिनच्या कांहीं धनिकांनीं फियाट कंपनी स्थापिली, आणि स्वतः आरंभापासून धडपडण्यापेक्षां चेइरानोचा कारखाना त्यांतील माणसांसह विकत घेतला. अशा रीतीनें लांचा आणि नाझारो हे दोघेही फियाटच्या नोकरींत आले. लांचाकडे नव्या गाड्या चालवून पारखण्याचें काम सोंपविण्यांत आलें. त्या वेळीं त्यास वीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं.

त्या काळीं मोटार विकण्याचा एकच खात्रीचा मार्ग होता, तो म्हणजे शर्यत जिंकणें. १९०० मध्यें पाडुआ येथील शर्यतींत लांचानें फियाटला जय मिळवून दिला, व तेथून आठ वर्षें तो युरोप-अमेरिकेंतील बहुतेक मोठ्या शर्यतींत दिसूं लागला. त्याची रीत ठरलेली असे. निशाण पडलें कीं तो पहिल्या क्षणापासून गाडीचा सारा जोर काढी आणि पाहतां पाहतां सर्वांच्या पुढें जाई. मग बहुधा कोठें तरी कांहीं तरी मोडे. १९०५ च्या गॉर्डन बेनेट शर्यतींत, फ्रान्सांतील ओव्हेर्न्यच्या डोंगरी वाटांवर, तो असाच आघाडीवर असतां एक उडालेला दगड रेडिएटरवर बसला, पाणी वाहून गेलें आणि शर्यत संपली.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंड येथें व्हँडरबिल्ट चषकाची शर्यत झाली. तेथें लांचा इतरांच्या इतका पुढें गेला होता कीं प्रेक्षकांनीं त्याचा विजय धरूनच ठेवला होता. पेट्रोल घेण्यासाठीं तो रस्त्याच्या कडेस थांबला, काम आटोपलें, आणि मागून वॉल्टर ख्रिस्ती या अमेरिकन स्पर्धकाची गाडी भरवेगानें येत असतां त्यानें आपली गाडी रस्त्यांत घातली. धडक झाली. ख्रिस्तीची गाडी निकामी झाली; लांचाची दुरुस्त होईपर्यंत अमोल वेळ गेला, व तो चौथा आला. क्षणभर थांबला असता तर त्याचें कांहींच बिघडलें नसतें! परंतु क्षणभर थांबणें हें त्याच्या प्रकृतींतच नव्हतें. याच्या उलट नाझारो. तो शांतपणें, यंत्राचा श्वास ओळखून गाडी हांकी. १९०७ या एका वर्षांत त्यानें इटलींतील तार्गा फ्लोरिओ, जर्मनींतील कैसर-चषक व फ्रान्सची ग्रां प्री अशा तीन थोर शर्यती जिंकल्या, त्या वेळीं तार्गा फ्लोरिओंत लांचा दुसरा होता. लांचाच्या खात्यावर १९०४ ची ब्रेशिया येथील फ्लोरिओ शर्यत व दुसरे कांहीं जय आहेत; पण त्याची खरी कीर्ति हरलेल्या शर्यतींनीं झाली, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. गाडींत कोणता भाग केव्हां आणि कां मोडतो याचें ज्ञान मात्र त्याच्याइतकें फार थोड्यांस असेल.

१९०६ च्या नोव्हेंबरांत त्यानें आणि क्लाउदिओ फोगोलिन नांवाच्या फियाटच्याच सहकाऱ्यानें मिळून लांचा आणि कंपनी या नांवाचा स्वतंत्र व्यवसाय स्थापिला. भांडवल एक लक्ष लिरा, दोघांचें निम्में निम्में. ट्यूरिनमध्यें एक लहानसा कारखाना भाड्यानें घेतला. फियाटशीं त्याचें वैर मुळींच नव्हतें. स्वतःचा कारखाना चालू झाल्यावरही तो १९०८ पर्यंत फियाटसाठीं शर्यती धांवत होता. नव्या धंद्याचा आरंभ मात्र फार अशुभ झाला. १९०७ च्या आरंभींच कारखान्यास आग लागून नकाशे, सांचे आणि जुळत आलेली पहिली गाडी हीं सर्व जळून गेलीं. दुसऱ्या एखाद्यानें तेथेंच हात टेकले असते. लांचानें पुन्हां पहिल्यापासून आरंभ केला, आणि वर्ष संपण्यापूर्वीं गाडी तयार झाली. असें सांगतात कीं, ती बाहेर काढण्याची वेळ आली तेव्हां दार अरुंद आहे असें आढळून आलें, व भिंत फोडून तिला मार्ग करून द्यावा लागला. कथा खरी असो वा रचलेली असो, ती या माणसास शोभते खरी.

१९०८ च्या आरंभीं ट्यूरिनच्या प्रदर्शनांत ही गाडी लोकांपुढें आली. इतर गाड्यांत त्या वेळीं जड आणि सावकाश फिरणारें इंजिन असे, व पुष्कळांत मागचीं चाकें सायकलप्रमाणें सांखळीनें फिरत. लांचाच्या गाडींत हलकें, झपाट्यानें फिरणारें अडीच लिटरचें इंजिन होतें आणि चाकांस गति देण्यासाठीं सांखळीच्या ऐवजीं पोलादी दांडा होता. लोकांनीं प्रथम मान हालविली. अशीं इंजिनें टिकणार नाहींत असें जाणत्यांचें मत पडलें. तरीही या जातीच्या शंभरांहून अधिक गाड्या खपल्या. विन्चेंझोचा वडील भाऊ जोव्हान्नी हा प्राचीन भाषांचा पंडित होता. गाड्यांस ग्रीक वर्णमालेंतील अक्षरांचीं नांवें द्यावीं ही सूचना त्याची. त्यामुळें ही पहिली गाडी अल्फा म्हणून इतिहासांत नोंदली गेली, आणि तिच्यामागून बीटा, गॅमा, डेल्टा अशी ती माला चालू झाली. भूमितीच्या तासाला ज्या अक्षरांचा आमच्या विद्यार्थ्यांस कंटाळा येतो, तींच अक्षरें ट्यूरिनच्या रस्त्यांवर चार चाकांनीं धांवूं लागलीं! १९११ मध्यें काउंट कार्लो बिस्कारेत्ती यानें कंपनीस चिन्ह काढून दिलें: निळी ढाल, चार आऱ्यांचें सुकाणूचें चाक, आणि आडनांवास अनुसरून निशाण लाविलेला भाला.

१९१३ मध्यें निघालेल्या थीटा गाडींत दिव्यांची व इतर वीजेची व्यवस्था मुळांतच बसविलेली होती. युरोपांत त्या वेळीं ती ग्राहकानें वेगळे पैसे देऊन मागाहून बसवून घ्यावयाची वस्तु समजली जात असे. पुढें पहिलें महायुद्ध आलें. त्या काळांत कारखान्यानें सैन्यासाठीं मालमोटारी आणि चिलखती मोटारी पुरविल्या, व त्या पैशानें तो भक्कम पायावर उभा राहिला. युद्ध चालू असतांनाच लांचाच्या डोक्यांत इंजिनाची एक नवी रचना घोळत होती. चार सिलिंडर एका ओळींत ठेविले तर इंजिन लांब होतें. दोन दोन समोरासमोर तिरपे ठेविले तर तें रुंद होतें. लांचानें ते अगदीं थोडे तिरपे, एकाआड एक, दांत एकमेकांत बसल्याप्रमाणें एकाच ठोकळ्यांत बसविले. इंजिन आंखूडही झालें आणि अरुंदही राहिलें. अशाच रचनेचें बारा सिलिंडरचें एक भव्य इंजिन त्यानें १९१९ मध्यें प्रदर्शनांत मांडलें; पण तें विक्रीस कधींच आलें नाहीं.

आतां ज्या गाडीमुळें त्याचें नांव अमर झालें तिच्याकडे वळूं. तिचें नांव लॅम्डा. तिच्या जन्माच्या दोन कथा प्रसिद्ध आहेत. पहिली अशी कीं, विन्चेंझो आपल्या आईस घेऊन फोबेल्लोकडे जात असतां पुढच्या चाकाची स्प्रिंग मोडून गाडी उलटतां उलटतां वांचली, आणि पुढचीं दोन्ही चाकें एकाच आंसास बांधलेलीं नसावींत हा विचार त्याच्या मनानें तेव्हांपासून घेतला. दुसरी अशी कीं, समुद्रप्रवासांत जहाजाचा सांगाडा पाहून त्याला गाडीच्या अंगाची नवी कल्पना सुचली. या कल्पनेचें महत्त्व समजण्यासाठीं जुनी पद्धत थोडी सांगितली पाहिजे. त्या काळची मोटार म्हणजे बैलगाडीचीच थोरली बहीण. खालीं दोन लांब पोलादी तुळया, त्यांवर यंत्र, आणि त्यांवर सुतारानें केलेली पेटी. सारा भार तुळयांनीं सोसावयाचा. पेटी केवळ बसण्यापुरती. त्यामुळें गाडी उंच व जड होई आणि वळणावर डोलूं लागे. होडीची गोष्ट निराळी. होडीला तुळयांची वेगळी चौकट नसते. तिचें सबंध अंगच तिचें बळ. लांचानें मोटारीचें अंग होडीसारखें केलें. पोलादी पत्रा वळवून व जोडून त्यानें एक अखंड कवच बनविलें, मधून इंजिनाचा दांडा जाण्यासाठीं बोगदा ठेविला, आणि माणसांस बोगद्याच्या दोन्ही बाजूंस खालीं बसविलें. १९१८ च्या डिसेंबरांत त्यानें या रचनेचें पेटंट मागितलें.

पुढच्या चाकांच्या बाबतींत बात्तिस्ता फाल्केत्तो नांवाच्या तरुण इंजिनिअराचें साह्य झालें. प्रत्येक चाकास स्वतंत्र उभा खांब, त्या खांबांत वर-खालीं सरकणारी नळी, आणि आंत स्प्रिंग व तेल, अशी ती योजना होती. एक चाक खड्ड्यांत गेलें तरी दुसऱ्यास त्याची वार्ता लागूं नये हा हेतु. १९२१ च्या सप्टेंबरांत लांचानें पहिली नमुना-गाडी स्वतः आल्प्सच्या घाटांत चालवून पाहिली, आणि १९२२ च्या ऑक्टोबरांत पॅरिसच्या प्रदर्शनांत लॅम्डा जगापुढें आली. इतर गाड्यांच्या मानानें ती इतकी बुटकी होती कीं तिच्याशेजारीं त्या गाड्या घोडागाड्यांसारख्या वाटत. इंजिन केवळ २.१ लिटरचें, शक्ति सुमारें ४९ अश्वांची. परंतु चारही चाकांस ब्रेक, हलकें अंग आणि रस्त्यास चिकटून चालण्याचा गुण यांमुळें डोंगरी वळणांवर तिच्याहून दुप्पट शक्तीच्या गाड्या तिच्यामागें राहत. १९३१ पर्यंत सुमारें अकरा हजार लॅम्डा गाड्या निघाल्या.

अकरा हजार हा आंकडा ऐकून वाचकांस तो मोठा वाटेल. परंतु त्याच काळांत अमेरिकेंतील फोर्डचा कारखाना एका वर्षांत दहा लाखांहून अधिक गाड्या काढीत होता, हें लक्षांत घ्यावें. येथेंच लांचाच्या स्वभावाचा आणि त्याच्या गाड्यांच्या नशिबाचा गाभा आहे. फोर्डनें एक साधी वस्तु ठरविली आणि वर्षानुवर्षें तींत शक्य तितका थोडा बदल केला. लांचाला कालची गाडी आज पुरती पसंत नसे. लॅम्डाच्या नऊ वर्षांत नऊ आवृत्त्या निघाल्या. गीअर बदलले, इंजिन २.६ लिटरच्या जवळपास वाढलें, लांबी बदलली. प्रत्येक बदल सुधारणाच होती, यांत शंका नाहीं. पण एका आवृत्तीचा सुटा भाग दुसरीस बसेलच असा भरंवसा राहिला नाहीं. शिवाय त्या अखंड कवचामुळें दुसरीच एक अडचण उभी राहिली. त्या काळचे श्रीमंत लोक कारखान्यांतून केवळ यंत्र आणि चौकट विकत घेत, आणि पेटी आपल्या आवडीच्या कारागिराकडून करवून घेत. लॅम्डाला चौकटच नाहीं, मग पेटी चढवावी कशावर? कारागीर नाराज झाले, ग्राहकही कुरकुरले, आणि अखेर पुढील आवृत्त्यांत लांचाला जुन्या पद्धतीची निराळी चौकटही देऊं करावी लागली. आपल्या सर्वांत मोठ्या शोधावर त्यानें स्वतः घेतलेली ही माघार आम्हांस शर्यतींतील कोणत्याही पराभवापेक्षां अधिक कष्टाची वाटते.

येथें एक खुलासा केला पाहिजे. जुन्या इटालियन गाड्या म्हटल्या कीं त्या हमखास मोडणाऱ्या, असा समज सर्वत्र आहे. विन्चेंझोच्या हयातींतील गाड्यांस हा दोष सरसकट लावणें अन्यायाचें होईल. त्या मजबूत होत्या, घाटांत खूप राबविल्या गेल्या. परंतु त्या साध्या नव्हत्या. सामान्य कारागिरानें दहा प्रकारच्या गाड्या दुरुस्त केल्या असल्या तरी अकरावी लांचा पुढें आली म्हणजे त्याची विद्या संपे. सरकत्या खांबांतील तेल आटलें तर सुकाणू जड होई. तिरप्या सिलिंडरांचें डोकें उघडलें तर तें परत बसविण्यास अनुभवाचा हात लागे. चांगल्या रस्त्यांच्या इटलींत सुकाणू डावीकडे घेण्याची चाल पडल्यावरही लांचानें तें उजवीकडेच ठेविलें, व ती परंपरा त्याच्या मृत्यूनंतरही कित्येक वर्षें चालली. तेव्हां ही गाडी बाळगणें म्हणजे हुशार पण मानी पाहुण्यास घरीं ठेवून घेण्यासारखें होतें. तिच्या रीतिभाती यजमानानें शिकाव्या लागत.

माणूस म्हणून लांचा कसा होता? अंगानें धिप्पाड, हसतमुख, खाण्यापिण्याचा शौकीन; जर्मन संगीतकार वाग्नर याच्या संगीत-नाटकांचा तो परम भक्त होता. मित्रमंडळींत त्याला पीडमाँटी बोलींतील सेन्सिन या लाडक्या नांवानें हांक मारीत. कोणतीही नवी गाडी तो स्वतः चालवून पाहिल्यावांचून पसंत करीत नसे. शर्यतींत मोडलेल्या यंत्रांनीं त्याला जें शिकविलें होतें तें या परीक्षेंत उपयोगी पडे. १९२२ मध्यें, लॅम्डाच्याच वर्षीं, त्यानें आदेले मिल्येत्ती हिच्याशीं विवाह केला. ती पूर्वीं त्याच्याच कचेरींत काम करीत असे. त्यांना तीन मुलें झालीं. मुलगा जान्नी हा १९२४ मध्यें जन्मला. बात्तिस्ता फारीना हा ट्यूरिनचा कुशल पेटी-कारागीर १९३० मध्यें स्वतःचा व्यवसाय काढावयास निघाला, तेव्हां लांचानें त्याला पाठबळ दिलें. तोच पुढें पिनिनफारीना या नांवानें जगप्रसिद्ध झाला. कारागिरांशीं झालेला वाद लांचानें मनांत ठेविला नाहीं, हें यावरून उघड आहे.

१९३० नंतरचीं वर्षें साऱ्या जगास मंदीचीं गेलीं. मोठ्या गाड्यांचा खप आटला. कारखान्यास मालमोटारींनीं तारलें. तरीही त्यानें आपला हट्ट सोडला नाहीं. ऑगस्टा नांवाच्या लहान गाडींत त्यानें तें होडीचें अंग पुन्हां आणलें, आणि या वेळीं त्यावर पोलादी छप्परही चढविलें. मग त्यानें आपल्या इंजिनिअरांस एक नवी गाडी करावयास सांगितली: आकारानें मध्यम, वजनानें हलकी, आंत पांच माणसें आणि वारा कापीत जाणारी. त्या गाडीचें नांव अप्रिलिया. तिच्या अंगाची आकृति ट्यूरिनच्या तंत्र-विद्यालयांत वाऱ्याच्या झोतांत तपासून ठरविण्यांत आली. तिचा वायुविरोध-गुणांक ०.४७ भरला. इंजिन अवघें १.३५ लिटरचें असून ती ताशीं सुमारें १२५ किलोमीटर धांवे. चारही चाकें स्वतंत्र होतीं. दोन दारांच्या मधला खांब काढून टाकला होता, त्यामुळें पुढचें व मागचें दार उघडलें म्हणजे सारी बाजू मोकळी होई. असें दार बरोबर बंद होण्यास कारागिरी किती सूक्ष्म लागते, हें ज्यानें सुतारकाम केलें आहे तो जाणेल.

अप्रिलियाचें उत्पादन १९३७ च्या फेब्रुवारींत सुरू होत होतें. त्याच महिन्याच्या १५ तारखेस पहाटे विन्चेंझो लांचा हृदयविकारानें ट्यूरिन येथें मरण पावला. वय अवघें ५५ वर्षें. ज्या गाडींत त्यानें आपल्या साऱ्या कल्पना एकत्र आणल्या, आणि ज्या वेळीं त्याला कोणत्याही कल्पनेवर पाणी सोडावें लागलें नाहीं, ती गाडी रस्त्यांवर गजबजलेली पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें. १९४९ पर्यंत अप्रिलियाच्या सुमारें सत्तावीस हजार गाड्या निघाल्या. त्याचें शव त्याच्या जन्मगांवीं, फोबेल्लोस, पुरण्यांत आलें.

कारखान्याची धुरा प्रथम त्याच्या पत्नीनें वाहिली व पुढें जान्नीनें. बापाचा गुण आणि बापाचा दोष दोन्हीही मुलांत उतरले. जान्नीच्या काळीं, १९५० मध्यें, औरेलिया ही गाडी निघाली. व्ही आकाराच्या सहा सिलिंडरांचें इंजिन नियमित विक्रीच्या गाडींत बसविण्याचा मान तिला आहे. त्यानंतर त्यानें शर्यतींच्या गाड्यांवर पाण्यासारखा पैसा ओतला, आणि १९५५ मध्यें कारखाना कुटुंबाच्या हातून गेला. १९६९ मध्यें तर फियाटनेंच तो सर्व कर्जासह नाममात्र किंमतीस घेतला. ज्या घरांतून विन्चेंझो बाहेर पडला होता, त्याच घरीं त्याचा कारखाना त्रेसष्ट वर्षांनीं परत आला. लांचानें थोडी काटकसर केली असती, सुटे भाग एकसारखे ठेविले असते, गाडी वर्षानुवर्षें तशीच विकली असती, तर असें झालें नसतें, असें हिशेबी माणूस म्हणेल. आणि त्याचा हिशेब चुकीचा नाहीं. परंतु तशी गाडी फोर्ड व फियाट हे दोघे उत्तम करीतच होते. तिसऱ्या कोणाची तीसाठीं गरज नव्हती.

मोडकेपणाची जी अपकीर्ति आज लांचाच्या नांवास चिकटली आहे, ती मुख्यतः फियाटच्या अमदानींतील आहे. १९७२ मध्यें निघालेल्या बीटा नांवाच्या गाडीचें पोलाद गंजूं लागलें, आणि १९८० च्या सुमारास ब्रिटनमध्यें त्यावरून वर्तमानपत्रांत इतका गहजब झाला कीं कंपनीला कित्येक गाड्या ग्राहकांकडून परत घ्याव्या लागल्या. त्या देशांतील खप त्यानंतर पुन्हां सांवरला नाहीं, व १९९४ मध्यें लांचानें तेथील बाजार सोडला. डोंगरी वाटांवरील रॅली-शर्यतींत मात्र त्याच नांवाच्या स्ट्राटोस आणि डेल्टा गाड्यांनीं जगज्जेतेपदें मिळविलीं. डेल्टानें तर १९८७ पासून १९९२ पर्यंत ओळीनें सहा वर्षें. एकाच घराण्यांत गंज आणि विजय असे शेजारीं शेजारीं नांदलेले फार क्वचित् आढळतात.

ब्रिटनमध्यें लांचा बाळगणाऱ्यांचा एक संघ १९४७ पासून आहे. अशा संघांतील मंडळी कोठें तरी परसांत पडलेल्या लॅम्डाचें जुनें गीअर-चक्र शोधून काढतात, मिळालें नाहीं तर नकाशावरून नवें पाडून घेतात, आणि शंभर वर्षांच्या त्या गाड्या घेऊन आल्प्सचे घाट चढतात. सरकत्या खांबांत तेल घालतांना त्यांचे हात काळे होतात. त्याविषयीं ते कुरकुरतातही. परंतु घाटाच्या वळणावर ती बुटकी गाडी, अंग न डोलवितां, आपली रेघ धरून निघाली म्हणजे त्या कुरकुरीचा त्यांना विसर पडतो, असें त्यांच्याविषयीं लिहिणारे सर्वजण सांगतात. २०१७ पासून लांचाच्या नव्या गाड्या केवळ इटलींतच विकल्या जात; २०२४ मध्यें त्या पुन्हां इतर युरोपीय देशांत जाऊं लागल्या. या नव्या गाडीलाही जोव्हान्नी पंडिताच्या त्या जुन्या वर्णमालेंतलेंच एक अक्षर मिळालें आहे: इप्सिलॉन.